नडगीवर लाथ: इंग्लंडचं शिन-किकिंग, जत्रेतली गंमत की अंगलटीच्या झटापटीचं तंत्र?

मातीतला_गडी (धागाकर्ता)

शिन-किकिंगचा व्हिडिओ कुठेही आला की खाली ठरलेल्या प्रतिक्रिया पडतात. गोऱ्यांना उद्योग नाहीत, विजारीत पेंढा कोंबून एकमेकांना लाथा घालताहेत, वगैरे. वरवर दिसतं ते तसंच आहे. पण लाथा सोडून जरा हात बघा, कंबर कुठे आहे ते बघा. कॉलर धरून खेळायच्या जुन्या इंग्लिश कुस्तीतला एकच डाव वेगळा काढून त्याचा खेळ केलेला दिसतो. निकाल लाथेने लागत नाही, पाडण्याने लागतो.

आधी जागा आणि नियम. ग्लॉस्टरशायरमध्ये चिपिंग कॅम्पडेन गावाजवळ डोव्हर्स हिल नावाची टेकडी आहे. रॉबर्ट डोव्हर या वकिलाने साधारण १६१२ साली तिथे खेळ भरवायला सुरुवात केली. आता त्यांना 'कोट्सवोल्ड ऑलिंपिक्स' म्हणतात. १८५२ नंतर ते बंद पडले, १९५१ साली फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या निमित्ताने पुन्हा झाले आणि १९६० च्या दशकात नियमित सुरू झाले. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे बँक हॉलिडे असतो. त्यानंतर येणाऱ्या शुक्रवारी संध्याकाळी हे खेळ होतात.

दोघांच्या अंगात मेंढपाळाच्या जुन्या झग्याची आठवण म्हणून लांब पांढरा कोट. विजारीत पेंढा. पायात मऊ बूट, कारण लोखंडी टोप्यांच्या बुटांना बंदी आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांची कॉलर खांद्यापाशी दोन्ही हातांनी धरायची. लाथ नडगीवर मारायची आणि समोरच्याला जमिनीवर आणायचं. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तो पुढे. पंचाला 'स्टिकलर' म्हणतात. त्याचं मुख्य काम एकच: पडण्याआधी लाथ नडगीला खरोखर लागली होती का, ते पाहणं. नुसतं ओढून किंवा अडखळवून पाडलं तर फेरी मिळत नाही.

या शेवटच्या नियमातच सगळं तंत्र आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून धागा.

टवाळ_पांडू

म्हणजे जो जास्त जोरात हाणेल तो जिंकत नाही? मग लाथ कशाला, सरळ कुस्ती खेळा की.

मातीतला_गडी

@पांडू, जोरात हाणणारा बहुतेक वेळा हरतो, आणि त्याचं कारण सोपं आहे. लाथ मारायला पाय उचलला की तुम्ही एका पायावर. लाथ जितकी मोठी, तितका वेळ एका पायावर. कॉलर समोरच्याच्या मुठीत असताना एका पायावर उभं राहणं म्हणजे त्याला आयता डाव देणं.

म्हणून जाणता खेळाडू लाथ मांडीतून फेकत नाही, गुडघ्यातून झटकतो. पाऊल जमिनीपासून वीतभर उचललं की पुरे. फुटबॉलमध्ये जवळचा पास देताना पावलाची आतली कड वापरतात ना, तशीच इथे. चवडा किंचित बाहेर वळवायचा, पाऊल घट्ट, घोटा ढिला सोडायचा नाही. लाथ लागली रे लागली की पाऊल परत जमिनीवर.

पाडायची लाथ वेगळी. ती फक्त दोन क्षणी चालते. एक, समोरच्याने लाथेसाठी पाय उचलला की त्याच्या उभ्या पायाच्या नडगीवर, खाली, घोट्याच्या थोडं वर. दोन, तो बाजूला पाऊल टाकत असेल आणि त्या पायावर वजन पुरतं आलेलं नसेल तेव्हा त्याच पायावर. ज्युदोत पाय झाडून पाडतात त्याचीही हीच वेळ. त्याच वेळी हात गाडीच्या स्टिअरिंगसारखे फिरवायचे, एक खाली ओढायचा, दुसरा वर ढकलायचा. पाय ज्या दिशेला जातो त्याच्या उलट दिशेला खांदे गेले पाहिजेत. हातांनी काही केलं नाही तर लाथ नुसती दुखवते. समोरचा दोन्ही पायांवर दाबून उभा असेल तर शंभर लाथा मारल्या तरी तो पडत नाही, तुमची बोटं मात्र सुजतात.

लाल_माती

वस्तादांच्या भाषेत सांगायचं तर लाथेने वजन हलवा आणि हाताने डाव पूर्ण करा. टांग मारतानाही हेच, पाय लावला आणि वरून झोका दिला नाही तर टांग फुकट जाते.

पण आपली कुस्ती आणि ही यांत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे अंगावर लंगोट, बाकी अंग मातीने माखलेलं. धरायला कापड नाही, त्यामुळे पकड मान, मनगट, पट, कंबर इथे पडते आणि दोघं छातीला छाती भिडेपर्यंत जवळ येतात. कापडाची पकड असली की हात लांब ठेवून उभं राहता येतं. दोघांच्या पायांत हातभर अंतर राहतं, आणि लाथेला तेवढंच लागतं. छाती भिडली की लाथेला जागाच उरत नाही, तिथे गुडघा आणि टांग चालते. म्हणून हा प्रकार अंगरखा धरून कुस्ती खेळणाऱ्या मुलखांत वाढला.

त्यातला सगळ्यात ठळक मुलूख म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचा डेव्हन. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये अंगावर जाड कॅनव्हासचं जाकीट घालून कुस्ती होते, पण लाथ नाही. डेव्हनमध्ये तेच जाकीट, वर बूट घालून नडगीवर लाथा असत. दोन्हीकडचे नामांकित मल्ल १८२६ च्या ऑक्टोबरमध्ये डेव्हनपोर्टला भिडले. कॉर्नवॉलचा जेम्स पोल्किंगहॉर्न, सहा फुटांवर उंची आणि सुमारे १४५ किलो वजन. डेव्हनचा अब्राहम कॅन, जेमतेम ८० किलो. कॅनच्या पायात बूट, पोल्किंगहॉर्नच्या पायात नाहीत. पाठीवर स्वच्छ पडलं तरच गुण. निकालावरून भांडण झालं आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सुटली. जवळजवळ दुप्पट वजनाच्या माणसासमोर कॅन टिकला तो लाथांच्या जोरावर: भारी माणूस अंगावर चालून येताना पुढचा पाय टाकतो, त्याच पायावर मारत राहिलं की तो जवळ यायला बिचकतो. इथे लाथ पाडण्यासाठी नव्हती, अंतर राखण्यासाठी होती. धागाकर्त्यांनी हा उपयोग सोडला आहे.

मातीतला_गडी

@लाल_माती, बरोबर पकडलंत. कोट्सवोल्डच्या नियमांत हा उपयोग मरतो, कारण कॉलर दोघांनी आधीच धरलेली असते, अंतर ठरलेलं असतं. डेव्हनच्या खेळात पकड मिळवण्यासाठी आधी झुंजावं लागे.

खटाखट

वायव्य इंग्लंडमधलं लँकशायर राहिलं. तिकडे याला 'परिंग' म्हणत आणि बूट नसत, क्लॉग असत. क्लॉग म्हणजे आपल्या खडावा नव्हेत. तळ लाकडाचा, बहुतेक आल्डर झाडाचा, वर चामड्याचं बंद बूट, आणि तळाच्या कडेने पुढे व मागे घोड्याच्या नालेसारख्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. गिरणीच्या ओल्या फरशीवर आणि खाणीत चामड्याचा तळ कुजतो, म्हणून कामगारांच्या पायात हेच.

लाथेच्या दृष्टीने यात दोन गोष्टी बदलतात. लाकडी तळ वाकत नाही, त्यामुळे बोटांवर भार येत नाही आणि बोटांनी लाथ मारता येते. साध्या बुटात तसं करायला गेलात तर अंगठा आधी मोडेल. दुसरं, लोखंडी कडेचा स्पर्श अगदी अरुंद पट्टीत होतो. रुंद पावलाने मुका मार लागतो, अरुंद कडेने कातडी फाटून हाडापर्यंत जखम जाते. एकोणिसाव्या शतकात लँकशायरमधल्या क्लॉगच्या मारामाऱ्या कोर्टात जात, त्या याच कारणाने. इंग्लंडमध्ये आजही मारहाणीच्या खटल्यात शिक्षा ठरवताना बूट घातलेल्या पायाने मारलेली लाथ हत्याराच्या बरोबरीने धरली जाते. आत्मसंरक्षणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

डेव्हनवाले बुटांचे तळ बैलाच्या रक्तात भिजवून भाजून कडक करत, असं जुन्या वर्णनांत येतं. उद्देश तोच: तळ वाकू नये.

आळशी_वाचक

वाचनखूण साठवली. एक शंका. पूर्वी नडग्या हातोड्याने ठोकून टणक करत म्हणे. यात तथ्य किती?

हाडवैद्य_नव्हे

गोष्ट जुनी आहे, कोळसा फोडायच्या हातोडीने आणि लाकडी फळीने नडग्या बडवून घेत असं सांगतात. कुणी केलंही असेल. उपयोग काय, ते शरीररचनेवरून ठरवू.

नडगीचं हाड, टिबिया, पुढून आतल्या बाजूला थेट कातडीखाली असतं. बोट फिरवून बघा, गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत एक सपाट पट्टी लागेल जिच्यावर स्नायूच नाही. हाडावरच्या पातळ आवरणात वेदनेच्या नसा दाट असतात. म्हणून तिथला लहानसा फटकाही डोळ्यांत पाणी आणतो. स्नायू बाहेरच्या बाजूला आहेत, तिथे तेवढाच फटका निम्माही लागत नाही. पावलाच्या आतल्या कडेने, आतून बाहेर मारायची लाथ का चालते, ते यावरून कळेल.

हाड भार पडेल तसं घट्ट होतं, हे ज्यूलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकातच मांडलं. पण त्यासाठी भार मर्यादेत आणि वारंवार यावा लागतो, मध्ये विश्रांती लागते. धावणं, उड्या, जड बॅगवर हळूहळू वाढवत नेलेल्या लाथा, याने ते होतं. थायलंडचे मुष्टियोद्धे असंच करतात, पण त्यांची नडगी हे हत्यार आहे, इथे ती निशाण आहे. हातोडीच्या ठोक्याने हाड काही घट्ट होत नाही. आवरणाखाली रक्त साकळतं, गाठ राहते, आणि काही काळ तिथली जाणीव बोथट होते. लोकांना ती बोथट जाणीवच टणकपणा वाटत असावी.

आता नीट वाचा. मार लागल्यावर साधी सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, पाय उंच, चालणं कमी. पण दुखणं तासातासाला वाढत असेल, पोटरीच्या बाहेरचा-पुढचा भाग दगडासारखा ताठ लागत असेल, अंगठा कुणी खाली वाकवला की कळ येत असेल, किंवा अंगठा आणि शेजारच्या बोटामधली जागा बधिर झाली असेल, तर घरी बसू नका. स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढतो, रक्तपुरवठा बंद पडतो, काही तासांत स्नायू मरतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. इलाज शस्त्रक्रियेचाच, कप्पा उघडून दाब सोडावा लागतो. अशा वेळी घट्ट पट्टी बांधणं आणि पाय उशांवर उंच चढवणं, दोन्हीने नुकसान वाढतं. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

टवाळ_पांडू

बाप रे. पेंढा जरा जास्तच कोंबायला हवा मग.

शेतातला_शहाणा

कोंबण्याचीही पद्धत आहे, पांडूशेठ. पेंढा आणि सुकं गवत यांत फरक करा. गव्हाची काडी पोकळ आणि ताठ असते, दाबली तरी काही अंशी परत उभी राहते. गवत एकदा दबलं की दबलं. जवाच्या पेंढ्यात कुसळं राहतात, ती घामात टोचतात.

विजार ढगळ हवी. काड्या मुठीने गोळा करून आडव्यातिडव्या कोंबल्या की दोनचार लाथांत सगळा पेंढा घोट्याशी जमतो आणि नडगी उघडी पडते. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. काड्या नडगीच्या समांतर उभ्या लावा, पुढे आणि आतल्या बाजूला जाड थर, पोटरीकडे जेमतेम. मग गुडघ्याखाली एक आणि घोट्यावर एक अशी सुतळी बांधा, किंवा खालून मोजे विजारीवर चढवा. गुडघ्याखालची गाठ आवळू नका, दोन बोटं आत गेली पाहिजेत. बांधून झालं की उकिडवं बसून बघा. बसता येत नसेल तर पेंढा जास्त झाला, आणि गुडघा वाकत नसेल तर लाथही बसत नाही, पडणंही वाईट होतं.

कोपरापासून_दंडवत

मूळ प्रश्न झटापटीच्या तंत्राचा होता. माझं मत: खेळातली ही लाथ आणि मारामारीसाठी शिकवलेली नडगीवरची लाथ, दोन्ही वेगळ्या आहेत, आणि लोक सर्रास त्यांची खिचडी करतात.

दुसरी ब्रिटिश सैन्यात शिकवली ती विल्यम फेअरबेर्न यांनी. हे शांघायच्या पोलिसात होते, १९४० मध्ये ब्रिटनला परतले आणि कमांडोंना हातघाईची लढाई शिकवू लागले. त्यांची पद्धत अशी: समोरच्याकडे आपली उजवी कूस करा. वजन डाव्या पायावर, डावा गुडघा किंचित वाकलेला. उजवं पाऊल थोडं उचलून बाजूला झटक्याने सोडा, बुटाची कड त्याच्या गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली लागेल अशी. तिथेच थांबायचं नाही. बुटाची कड नडगीवरून घासत खाली आणायची आणि शेवटी सगळं वजन त्याच्या पावलाच्या वरच्या बारीक हाडांवर टाकायचं.

यातलं घासणं महत्त्वाचं. पहिला फटका चुकला तरी नडगी हीच पावलाकडे जायची वाट होते, खाली न बघता निशाण सापडतं. कुणी मागून मिठी मारून हात जखडले असतील तर टाचेने हेच करता येतं.

सावात या लाथा-ठोशांच्या फ्रेंच खेळातही नडगीवर बुटाच्या आतल्या कडेने लाथ आहे, पण ती मारताना धड मागे झुकवतात, पाय सरळ ठेवतात. कॉलर पकडलेली असताना मागे झुकलात तर समोरचा नुसता ढकलून पाडेल. प्रत्येक लाथ तिच्या अंतरासाठी बनली आहे, मुद्दा एवढाच.

आळशी_वाचक

मग रस्त्यावर कुणी कॉलर धरली तर उपयोग होईल का? आपल्याकडे पायात चप्पल असते, हेही धरा.

कोपरापासून_दंडवत

चपलेत नको. पट्टा निसटतो, बोटं उघडी, आणि नडगीचं हाड तुमच्या बोटांपेक्षा कितीतरी मजबूत. चप्पल असेल तर टाच वापरा, त्याच्या पावलावर. बूट असतील तर घासणारी लाथ ठीक.

पण अपेक्षा आवरा. चिडलेल्या किंवा प्यालेल्या माणसाला वेदना उशिरा कळते, कधी कळतच नाही. या लाथेने फार तर एक क्षण पकड सैल होते, नजर खाली जाते. त्या क्षणी मनगट सोडवून बाजूला सरकायचं आणि निघायचं. दुसरी, तिसरी लाथ मारत थांबलात की पुन्हा एका पायावर, पुन्हा त्याच्या मुठीत. समोर दोघं असतील तर पाय उचलूच नका.

चेंडूफळी

अवांतर, पण फारसं नाही. फुटबॉल आणि रग्बी वेगळे झाले त्यात नडगीवरच्या लाथेचा मोठा हात आहे. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या नडगीवर लाथ मारणं, म्हणजे 'हॅकिंग', हे काही शाळांच्या फुटबॉलमध्ये रीतसर होतं. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि नियम ठरवताना हॅकिंग काढून टाकलं. ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल चिडले. त्यांचं म्हणणं, हे काढलंत तर खेळातलं धैर्यच जाईल, आठवडाभर सराव केलेले फ्रेंच आणून मी तुम्हाला हरवीन. क्लब बाहेर पडला. गंमत अशी की १८७१ मध्ये रग्बी युनियन झाली तेव्हा तिनेही हॅकिंगवर बंदी घातली.

आणि १८७४ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टचे सॅम विडोसन यांनी क्रिकेटचे पॅड कापून मोज्यांवरून बांधले. शिनगार्ड तिथून आले.

टवाळ_पांडू

पेंढ्यापासून पॅडपर्यंत, छान प्रगती. बरं, मुलं ही गंमत तालमीत करून बघतो म्हणताहेत. पेंढा नाही, कोट नाही. काय करू देऊ?

मातीतला_गडी

लाथ नको, वेळ पकडायचा सराव करू दे. दोघांच्या अंगात जुने, शिवण पक्की असलेले जाड सदरे किंवा ज्युदोचा अंगरखा. पाय अनवाणी, खाली माती किंवा मॅट. कॉलर दोन्ही हातांनी, कोपरं थोडी वाकलेली. कोपरं ताठ केली की समोरच्याचा प्रत्येक धक्का तुमच्या खांद्यातून थेट कमरेत जातो आणि पाय बांधले जातात. मान वर, नजर समोरच्याच्या छातीवर. पाय बघायला खाली वाकलं की डोकं पुढे येतं, आणि डोक्यामागे धड जातं.

पहिल्या फेरीत एकाने फक्त चालायचं, पुढे-मागे, डावी-उजवीकडे. दुसऱ्याने त्याचा पाय हलका झालेला क्षण हातांतून ओळखायचा आणि पायाच्या तळव्याने त्याच्या घोट्याच्या वर नुसता स्पर्श करायचा. स्पर्श करताना खांदे फिरवायचे नाहीत. दोन मिनिटांनी अदलाबदल. ज्याचा स्पर्श पाय टेकल्यावर होतो त्याने पावलं मोजणं सोडून हातांकडे लक्ष द्यावं: पाय उचलण्याआधी त्या बाजूची कॉलर हलकी होते, ते मुठीत कळतं. दहापैकी सहासात स्पर्श वेळेवर पडायला लागले की खांदे फिरवायला परवानगी, आणि पडणाऱ्याला आधी हनुवटी छातीला लावून कुशीवर पडायला शिकवलेलं असलं पाहिजे. तळहात मागे टेकून पडणाऱ्याला बाजूला बसव, मनगट तिथेच जातं.